यवतमाळच्या बंद जिनांवर बुलडोझर आणाल तर...

जिल्हाधिकारी, जिल्ह्यातल्या नगरपरिषदांचे मुख्याधिकारी, सहकार खात्याने नेमलेले अवसायक, मध्य रेल्वेचे आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचे अधिकारी, आणि रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन फिरणारे लेआउटवाले, या सगळ्यांना उद्देशून हे लिहितो आहे. निवेदनं देऊन झाली, आता मुदत देतो आहे. येत्या २ ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या बंद जिनांच्या, सूतगिरण्यांच्या, साखर कारखान्यांच्या, शकुंतला रेल्वेच्या आणि वणीकडच्या थकलेल्या खाणींच्या जमिनीचा पूर्ण हिशेब जनतेसमोर मांडा. तोवर यातली एक गुंठाही जागा विकू नका, तिचा वापर बदलू नका, तिच्यावरची वीट हलवू नका. हे झालं नाही तर पुढे काय होईल ते याच लेखात सांगणार आहे. आधी प्रकरण काय आहे ते नीट ऐकून घ्या.

हा जिल्हा कापसावर उभा राहिला. १९०५पर्यंत याचं नाव वणी जिल्हा होतं. त्याच सुमारास वऱ्हाडचा कापूस बंदराकडे न्यायला मूर्तिजापूरहून अरुंद रूळ टाकले गेले. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने उभी केलेली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी या मार्गाची मालक. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. इथला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला जायचा, आणि गाडी ओढणारं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं होतं. १५ एप्रिल १९९४ला ते उतरवून डिझेल इंजिन जोडलं. लोकांनी गाडीला शकुंतला म्हटलं आणि आपलं मानलं. कापूस आणि गाडी यांच्या भरवशावर यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा इथे सरकी काढणारे रेचे फिरू लागले, रुईच्या गठाणी बांधल्या जाऊ लागल्या. गावाच्या अगदी मध्यावर ऐसपैस आवारं तयार झाली. कापूस पसरायला मोकळं पटांगण, आगीच्या भीतीपोटी पाण्याचे हौद, विहीर, सागवानी कैच्यांची उंच शेडं, गाड्या उभ्या करायला जागा.

आज त्यातली कित्येक आवारं कुलूपबंद आहेत. त्यांच्यामागून आलेल्या सहकाराच्या इमारतींचीही तीच गत. दारव्हा तालुक्यातल्या बोदेगावचा जय किसान साखर कारखाना वर्षानुवर्षं थंड आहे. उमरखेडकडच्या पोफाळीच्या वसंत कारखान्याने काही हंगाम बंद राहून मग भाड्याने पुन्हा धुराडं पेटवलं, आणि ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. विक्री झाली की सगळं संपतं, भाड्याने दिलेली मालमत्ता परत हातात येते. यवतमाळला शकुंतला येईनाशी होऊनही वर्षं लोटली. फेब्रुवारी २०२४मध्ये वर्धा ते कळंब ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग पुढे सरकतो आहे. ही चांगली बातमी आहे. पण ब्रॉडगेजची शिट्टी ऐकू यायच्या आधीच जमिनीचे भाव चढतात, आणि जुन्या आवारांवर नजर ठेवून बसलेल्यांना हीच वेळ हवी होती.

त्यांचा आराखडा आम्हाला पाठ आहे. आधी भंगारवाला येतो. यंत्रं, पत्रे, कैच्या ट्रकमध्ये जातात. मग एका रात्रीत भिंती पडतात. मग वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली बारीक अक्षरात एक नोटीस छापून येते. औद्योगिक वापर वगळून निवासी किंवा वाणिज्य वापर करण्याचं योजलं आहे, हरकती एका महिन्यात नोंदवाव्यात. कुणी वाचत नाही, महिना सरतो. मग मुरूम पडतो, चुन्याच्या रेघा आखल्या जातात, दर्शनी कमानीवर कुठल्या तरी नगरीचं नाव चढतं. प्लॉट कोण घेतं? ज्यांच्याकडे आधीच दोन प्लॉट आहेत ते. रेच्यासमोर बसून ज्या बायांनी कापूस निवडला, ज्या हमालांच्या पाठीवरून गठाणी गेल्या, त्यांच्या पोरांना त्या आवारात पाऊल ठेवायलाही जागा उरत नाही.

मुंबईत हे सगळं आधी घडलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप फुटला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि मागे सुमारे ६०० एकर जमीन राहिली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने सांगितलं होतं की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. नियम बरा होता. २००१मध्ये त्यात एक दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची सगळी जागा वगळली गेली. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्यानंतर लालबाग-परळला काय उभं राहिलं ते कुणाला सांगायला नको, आणि घरासाठी सोडतीची वाट पाहत म्हातारे झालेले कामगार किती आहेत तेही. नागपूर तर आपल्या दाराशी आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२मध्ये कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. नियमातली एक ओळ बदलून सहाशे एकरांचं भवितव्य फिरवता येतं, हे एकदा पाहिलेले लोक दुसऱ्यांदा गाफील राहणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, शहर वाढतं आहे, वाढीला जागा हवी. मी विचारतो, कोणतं शहर? वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा, पिंपळगाव या ग्रामपंचायती नगरपरिषदेत घेतल्या. हद्द वाढली, पाणी वाढलं नाही. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा याच शहराने आठवडेच्या आठवडे नळाची वाट पाहिली. आणि जुलै २०२३मध्ये एका पावसात वाघाडी नदीचं पाणी वस्त्यांमध्ये घुसलं. पाच वर्षांत एकदा तहानेने आणि एकदा पुराने हाल झालेल्या शहरात पाणी जिरवणारी उरलीसुरली मोठी पटांगणं कुठे आहेत? याच बंद आवारांत. त्यांच्यावर काँक्रीट ओतणाऱ्याने पुढच्या पुराचा आणि पुढच्या दुष्काळाचा जबाब लिहून ठेवावा.

दुसरा धोका मातीतला आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. जुन्या कारखान्याच्या जमिनीत वंगण, डिझेल, ट्रान्सफॉर्मरचं तेल, बॉयलरची राख वर्षानुवर्षं मुरलेली असते. बऱ्याच शेडांवर ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे असतात. पत्रा शाबूत असेपर्यंत फारसं बिघडत नाही. घण घालून तो फोडला की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात रुततात आणि वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होऊन वर येतात. पाडकाम करणाऱ्या मजुराच्या तोंडाला फार तर एक दुपट्टा असतो. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हाही संरक्षणाचं साहित्य कागदावर होतं. तीच बेपर्वाई आता पाडकामावर आली तर आम्ही तिला अपघात म्हणणार नाही. मातीची तपासणी न करता त्या जमिनीवर घरं बांधायला परवानगी देणारा अधिकारी त्या घरांमधल्या लेकरांच्या आजारपणाला जबाबदार राहील.

वणीकडे हेच चित्र शंभरपट मोठं आहे. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि कोळशाची खाण, पुढे उकणी, कोलारपिंपरी, मुंगोली. शेतं गेली, डोंगर नसलेल्या भागात मातीचे डोंगर उभे राहिले, शेजारी खोल खड्डे. जुलै २०२२च्या पुरात वणी आणि मारेगाव तालुक्यातल्या गावांनी पाणी सोसलं, आणि नदीकाठचे शेतकरी तेव्हापासून विचारताहेत की या ढिगाऱ्यांनी पाण्याची वाट किती अडवली. त्यांना उत्तर द्या. कोळसा मंत्रालयाच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक खाणीने बंद होण्याच्या कामासाठी वेगळ्या एस्क्रो खात्यात पैसे ठेवायचे ठरले. खुल्या खाणीला हेक्टरी सहा लाख, भूमिगत खाणीला एक लाख, हे तेव्हाचे दर, पुढे ते वाढवत न्यायचे. त्या सूचनांनुसार टप्प्याटप्प्याने केलेलं काम दाखवलं की दर पाच वर्षांनी यातली ८० टक्क्यांपर्यंत रक्कम कंपनीला परत मिळायची. मग वणी भागातल्या प्रत्येक खाणीच्या खात्यात किती जमा आहे, किती उचलली आणि त्या बदल्यात कोणत्या ढिगाऱ्यावर कोणती झाडं जगली, हे त्या त्या गावच्या चावडीवर लावा. १९५७च्या कायद्याने घेतलेली कोळशाची जमीन, कोळसा संपल्यावर इतर प्रकल्पांना भाड्याने देण्याचं धोरण केंद्राने एप्रिल २०२२मध्ये मंजूर केलं. ज्याच्या सातबाऱ्यावरून ती गेली त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय तसं काही होता कामा नये. जमीन कोळशासाठी घेतली होती. कोळसा संपला असेल तर पहिला हक्क गावाचा.

आता आम्हाला काय हवं आहे तेही स्पष्ट सांगतो, कारण नुसता विरोध करणाऱ्याला खोडसाळ ठरवणं सोपं असतं.

पहिली गोष्ट, पाडायचं नाही. उभी शेडं हीच संपत्ती आहे. एक पक्की वीट भाजायला जळण लागलेलं आहे, एक सागवानी कैची म्हणजे याच जिल्ह्याच्या जंगलातलं जुनं झाड आहे. ती शेडं मोडून नवी सिमेंटची बांधलीत तर त्या सिमेंटची चुनखडी कुठून येणार? झरी-जामणी तालुक्यातल्या मुकुटबनसारख्या ठिकाणी आपल्याच भुईच्या पोटातून. शहरात एक पटांगण बुजवायचं आणि त्यासाठी आदिवासी तालुक्यात एक खड्डा खणायचा, हा व्यवहार आता बंद झाला पाहिजे. दुरुस्त करा, वापरा. जे खरोखर धोकादायक आहे तेच उतरवा, आणि उतरवलेली वीट-लाकूड याच जिल्ह्यातल्या शाळेच्या, अंगणवाडीच्या कामाला लावा.

दुसरी, या जागांवर इथल्या मालाचा फेरा इथेच पूर्ण झाला पाहिजे. शेतकऱ्याच्या घरी हा फेरा कालपर्यंत होता. कापूस रेच्यावर गेला की रुई निघायची, सरकीचं तेल, तेलाची ढेप, ढेप जनावराला, शेण वावराला. पऱ्हाटी चुलीला. आज गठाण बाहेर जाते, सरकी बाहेर जाते, पऱ्हाटी वावरातच पेटवली जाते आणि शेणाच्या जागी रासायनिक खताची पोती उधारीवर येतात. बंद जिनाच्या एका शेडात तेलघाणी, एकात पऱ्हाटीच्या कांड्या पाडणारं यंत्र, एकात सूत आणि हातमाग, एकात ट्रॅक्टर-पंप-सायकल-शिलाई मशीन दुरुस्तीचे गाळे, मागच्या पटांगणात शहरातल्या ओल्या कचऱ्याचं खत आणि रोपवाटिका, हौदांत पावसाचं पाणी. यात कुठलंही परदेशी तंत्रज्ञान नाही, कुठलाही हजार कोटींचा करार नाही. म्हणूनच बहुधा तुमच्या टेबलावर याची फाइल नाही.

ही कल्पना आम्ही उसनी आणलेली नाही. शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. १९४५ला त्यांचं ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ प्रसिद्ध झालं, तुरुंगात लिहिलेलं. निसर्ग जे घेतो ते फिरवून परत देतो, आणि माणसाचा उद्योगही त्या फेऱ्यात बसला नाही तर तो टिकत नाही, ही त्यांची भूमिका होती. आज युरोपातले शहररचनाकार वाढीपलीकडच्या शहराबद्दल, वस्तू फिरत ठेवणाऱ्या अर्थव्यवस्थेबद्दल बोलतात. तिथे त्यांनी करूनही दाखवलं आहे. जर्मनीत डुइसबुर्गला १९८५मध्ये बंद पडलेला पोलादाचा कारखाना पाडला नाही. पेटर लाट्झ या रचनाकाराने झोतभट्ट्या जागेवर ठेवल्या, आसपास झाडं वाढू दिली, गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक आज बुडी मारण्याचा सराव करतात. ॲमस्टरडॅममध्ये दूषित माती असलेली जुनी जहाजगोदी महापालिकेने विकली नाही. दहा वर्षांच्या भाड्याने दिली. तरुणांनी भंगारातल्या घरबोटी तिथे जमिनीवर आणून त्यांत कामाच्या जागा केल्या आणि मातीतलं विष शोषणारी झाडं लावली. दे क्यूव्हल नावाची ती जागा २०१४मध्ये सुरू झाली. श्रीमंत शहराला जमीन न विकणं परवडतं आणि यवतमाळला परवडत नाही, असं जो म्हणतो त्याने आकडे घेऊन समोर यावं.

तिसरी गोष्ट शकुंतलेची. गाडी पुन्हा सुरू करणार असाल, रुंद रुळांवर का होईना, तर आनंदच आहे आणि तिचा पहिला मान आहे. पण तोवर यवतमाळ, लाडखेड, दारव्हा-मोतीबाग, कारंजा, मूर्तिजापूर हा पट्टा तुकडे न होता राहिला पाहिजे. तीन जिल्ह्यांतून जाणारी अशी सलग सार्वजनिक जमीन आज विकत घ्यायची म्हटली तर कुठल्याही सरकारला जमणार नाही. एका गावात अतिक्रमण, दुसऱ्या गावात दुकानगाळे, तिसऱ्या गावात रस्त्याला घेतली, असं करत ती एकदा तुटली की तिथे ना गाडी धावेल, ना सायकल, ना शाळेला जाणारी पोरं. रूळ चोरीला जाताहेत, स्टेशनांची दारं-खिडक्या गेल्या आहेत. मालकी कंपनीची की रेल्वेची हा वाद तुमचा तुम्ही सोडवा. राखण करायची जबाबदारी आजच्या आज कुणाची ते मात्र लेखी सांगा.

आणि चौथी, जिच्याशिवाय बाकी सगळं पोकळ आहे. कामगारांची आणि ऊस उत्पादकांची थकलेली देणी आधी. अवसायकाने बँकेचं कर्ज फेडण्यासाठी लिलाव काढायचा आणि कामगाराने ग्रॅच्युइटीसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. सहकाराची जमीन सभासदांच्या भागभांडवलातून आणि सरकारच्या मदतीतून उभी राहिली. तिच्यावर पहिला शब्द सभासद आणि कामगारांचा. जागा भाड्याने द्यायची तर त्यांच्या सहकारी संस्थांना आणि बचत गटांना आधी विचारा, मुदत दहा-पंधरा वर्षांची ठेवा, आणि मालकी सार्वजनिक राहू द्या.

तर मुदत पुन्हा बजावतो. २ ऑक्टोबरपर्यंत सोळाही तालुक्यांतल्या बंद औद्योगिक जागांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावी. जागा कुठे, क्षेत्र किती, मालकी कुणाची, नझूलचा पट्टा आहे का आणि तो कधी संपतो, कर्ज किती, कामगारांची देणी किती, एमआयडीसीचा भूखंड असेल तर तो किती वर्षं रिकामा आहे. नझूल पट्ट्यांचं मालकी हक्कात रूपांतर करण्याच्या योजना सरकारने आणल्या आहेत. त्या योजनांच्या आडून एखादं जिनाचं आवार खासगी होणार असेल तर ते आम्हाला तुमच्याकडूनच कळलं पाहिजे, नंतर कमानीवरून नव्हे. यादी येईपर्यंत विक्री, वापरबदल आणि पाडकाम, तिन्ही थांबवा.

हे झालं नाही तर ३ ऑक्टोबरपासून प्रत्येक जागेसाठी माहिती अधिकाराचा वेगळा अर्ज पडेल. ३७व्या कलमाच्या प्रत्येक नोटिशीवर हरकती येतील, एकदोन नाही, गठ्ठ्याने. ग्रामसभांचे ठराव येतील. नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल होईल आणि तिच्यात परवानगीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं पदासकट असतील. आणि ज्या आवारात पाडकामाचं यंत्र शिरेल त्याच्या फाटकात आम्ही शांतपणे बसू, दगड न उचलता, घोषणेशिवाय दुसरं काही न फेकता. उठवायचं तर उचलून न्यावं लागेल. कापूस वेचणीचे दिवस असले तरी माणसं येतील, कारण हा प्रश्न त्याच कापसाचा आहे. लेआउटवाल्यांनाही सांगतो, ज्या जागेवर हरकत आणि दावा आहे तिथला प्लॉट बुक करायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात आम्ही त्या दाव्याची प्रत देऊ.

वाचणाऱ्यांना एकच काम सांगतो. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात जे बंद जिन, गिरणी, कारखाना किंवा स्टेशन असेल त्याची आखीव पत्रिका किंवा सातबारा या आठवड्यात काढा. भूमी अभिलेख कार्यालयात किंवा तलाठ्याकडे मिळतो, फार पैसे लागत नाहीत. मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे आणि फेरफार कधी झाला ते पाहा. फोटो काढा, तारीख टाका, चार शेजाऱ्यांना दाखवा. आणि नोटिशीचा महिना सुरू झालेला दिसला तर दुसऱ्याच दिवशी हरकत लेखी द्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.